रोजचे शब्दकोडे: सोडवावे कसे, आणि चूक निघाली तर सांगावी कशी

शब्दकोडे सोडवणारे वाचक भेटले की तीन प्रश्न हमखास विचारतात. अर्धे कोडे भराभर सुटते आणि उरलेले दिवसभर तसेच पडून राहते, असे का? ऱ्हस्व-दीर्घ जुळत नसेल तर आपले उत्तर चुकले असे धरायचे का? आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेले उत्तर पटले नाही, तर ते कोणाला आणि कसे कळवायचे?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. आडवा शब्द आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात, त्या सामाईक घरात. ते घर नीट बघायची सवय लागली की कोडे सुटते. कोडे रचणाऱ्याची चूक असेल तर तीही तिथेच बोट ठेवून दाखवता येते.

पेन्सिल टेकवण्याआधी

बॉलपेनने कोडे सोडवू नका. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. एकदा शाईने लिहिलेले अक्षर खोडता येत नाही आणि त्यावर दुसरे गिरवले की कोणते खरे तेच कळेनासे होते. मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हाताने लिहा, कारण रबर जोराने घासला तर घराला भोकच पडते. ई-पेपर वाचत असाल, परदेशातून वाचणारे बहुतेक जण तोच वाचतात, तर कोड्याचा भाग मोठा करून छापून घ्या. पडद्यावर बघून मनातल्या मनात सोडवायला गेलात तर सामाईक घरे निसटतात.

मग दोन मिनिटे तपासणीसाठी द्या:

- चौकटीतला सर्वांत मोठा क्रमांक आणि शोधसूत्रांच्या यादीतला सर्वांत मोठा क्रमांक जुळतो का?
- कंसात अक्षरसंख्या दिली असेल तर दोन-तीन ठिकाणी घरे मोजून ती बरोबर आहे का ते पाहा.
- आजच्या कोड्याचे उत्तर याच पानावर उलटे छापलेले असेल, तर ती बाजू दुमडून ठेवा.

पहिली तपासणी मी स्वतः फार उशिरा शिकले. एका दैनिकात चौकट एका दिवसाची आणि शोधसूत्रे दुसऱ्या दिवसाची छापली गेली होती. पाऊण तास मी त्यात शब्द कोंबत बसले होते. यादीत १९ उभा होता आणि चौकटीत १७ च्या पुढे आकडाच नव्हता, हे आधी पाहिले असते तर तो वेळ वाचला असता.

एका घरात काय मावते

नव्याने सुरुवात करणारे इथेच अडखळतात. मराठी कोड्यात एका घरात एक वर्ण बसत नाही, एक पूर्ण अक्षर बसते.

- काना, मात्रा, वेलांटी, उकार अक्षराबरोबर त्याच घरात जातात.
- अनुस्वाराला वेगळे घर नसते. ‘पंढरपूर’ पाच घरांचे: पं, ढ, र, पू, र.
- जोडाक्षर कितीही मोठे असले तरी त्याला एकच घर. ‘पुस्तक’ तीन घरांचे (पु, स्त, क), ‘महाराष्ट्र’ चार घरांचे (म, हा, रा, ष्ट्र), ‘स्वातंत्र्य’ तीनच घरांचे.
- ‘अर्थात’, ‘कदाचित’ असे शब्द आजच्या नियमांप्रमाणे शेवटचे अक्षर पूर्ण ठेवून लिहितात. त्याचा पाय मोडायचा नाही.

याचा सोडवणाऱ्याला मोठा फायदा होतो. इंग्रजी कोड्यात एका घरात २६ अक्षरांपैकी एक असते, त्यामुळे एक सामाईक अक्षर मिळून फारसे काही कळत नाही. आपल्याकडे घरात ‘पं’ आहे म्हटल्यावर ‘प’, ‘पा’, ‘पि’, ‘पु’ सगळे बाद होतात. मराठी कोड्यात एक पक्के सामाईक अक्षर पुष्कळ काम करते, आणि ते शब्दाच्या सुरुवातीचे असेल तर आणखी जास्त.

सुरुवात १ आडव्यापासून करू नका

क्रमांक छापण्याच्या सोयीसाठी असतात, सोडवण्याच्या क्रमासाठी नव्हे. आधी सगळी शोधसूत्रे एकदा वाचून काढा आणि ज्यांना एकच उत्तर असू शकते तेवढीच भरा. अशी सूत्रे साधारण चार प्रकारची असतात: गावे-जिल्हे-नद्या, नाती (‘बायकोच्या बहिणीचा नवरा (२)’ म्हणजे साडू, दुसरे काही असूच शकत नाही), पुराणातली पात्रे, आणि गाळलेल्या शब्दाच्या म्हणी.

‘पाणी’, ‘सूर्य’, ‘राजा’, ‘कमळ’ अशी एकेका शब्दाची सूत्रे पहिल्या फेरीत भरू नका. सोपी वाटतात म्हणून तीच आधी भरली जातात, आणि अर्धे कोडे अडण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

एका कोपऱ्यात काय घडते ते पाहा. १ आडवा आहे ‘कमळ (३)’. बहुतेकांच्या मनात लगेच ‘सरोज’ किंवा ‘नीरज’ येते. तुम्ही ‘सरोज’ लिहिता. तिसऱ्या घरातून खाली जाणारा २ उभा आहे ‘केळीसाठी प्रसिद्ध असलेला खानदेशातील जिल्हा (४)’. जळगाव. त्याचे पहिले अक्षर ‘ज’, म्हणजे ‘सरोज’चा शेवट जुळला. जुळले म्हणून तुम्ही निर्धास्त होता.

पण ‘ज’ने इथे काहीच सिद्ध केलेले नाही. पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज हे सगळे तीन घरांचे, सगळ्यांचा अर्थ कमळ आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ज’. निकाल पहिल्या घरात लागतो. तिथून खाली जाणारा १ उभा आहे ‘चंद्रभागेच्या तीरावरचे विठ्ठलाचे गाव (५)’. पंढरपूर. पहिले अक्षर ‘पं’. आता आडवा शब्द एकच उरतो, पंकज.

‘सरोज’वर अडून बसलेला सोडवणारा मात्र ‘पंढरपूर’ ठाऊक असूनही लिहीत नाही, कारण त्याच्या चौकटीत पहिल्या घरात ‘स’ आहे. मग तो ‘स’ने सुरू होणारे पाच अक्षरी तीर्थक्षेत्र शोधत बसतो. पुराव्याशिवाय लिहिलेला एक शब्द आजूबाजूचे तीन बरोबर शब्द रोखून धरतो.

पाणी, पृथ्वी, रात्र: तीन चाव्या

कोडेकारांच्या हातात संस्कृतातून आलेल्या समानार्थी शब्दांचा मोठा साठा असतो. सगळा पाठ करायची गरज नाही, शब्द कसे बनतात ते एकदा कळले की पुरे.

पाण्याची पाच नावे घ्या: जल, नीर, अंबु, वारि, तोय. त्यांच्यापुढे

- ‘ज’ (जन्मलेले) लावा, कमळ मिळते: जलज, नीरज, अंबुज, वारिज, तोयज.
- ‘द’ (देणारा) लावा, ढग मिळतो: जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद.
- ‘धी’ (साठा) लावा, समुद्र मिळतो: जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी, तोयधी.

पाच नावांतून पंधरा उत्तरे हाती आली. पृथ्वीचेही तसेच. भू आणि मही यांना ‘पती’ किंवा ‘पाल’ जोडला की राजा, ‘धर’ जोडला की पर्वत. निशा आणि रजनी यांना ‘कर’ जोडला की चंद्र, ‘चर’ जोडला की राक्षस. दिन, दिवा आणि प्रभा यांना ‘कर’ जोडला की सूर्य. ‘निशाकर’ आणि ‘निशाचर’ यांच्यात एकाच घराचा फरक आहे, म्हणून तिसरे घर सामाईक आहे का ते बघूनच लिहा.

शब्द एक, अर्थ अनेक

सूत्र ओळखीचे आहे, घरे दोनच आहेत, तरी काही सुचत नाही, असे झाले तर शब्दाचा दुसरा अर्थ आठवून पाहा. ‘कर’ म्हणजे हात, सरकारी सारा, किरण आणि हत्तीची सोंडही. ‘अंक’ म्हणजे आकडा, मांडी, नाटकाचा भाग आणि मासिकाचा एक खंड. ‘द्विज’ म्हणजे पक्षी, दात आणि ब्राह्मण, कारण तिघांचाही जन्म दोनदा झाला असे मानले जाते. ‘वर’, ‘तीर’, ‘पत्र’, ‘दंड’, ‘मान’, ‘काळ’ हे शब्दही असेच आहेत. कोड्यात ते सतत येतात, कारण ते छोटे असतात आणि कोणत्याही कोपऱ्यात बसतात.

जुन्या मोजमापांची आणि नाण्यांची एवढी माहिती जवळ ठेवा: पायली चार शेरांची, खंडी वीस मणांची, रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा.

सूत्राचे रूप उत्तरात उतरते

सूत्राचा शेवट कसा आहे ते नीट वाचा.

सूत्र ‘-णे’ने संपत असेल तर उत्तरही बहुधा ‘-णे’नेच संपते. ‘उसंत न घेता काम करणे (३)’ याचे उत्तर सुचले नाही तरी शेवटच्या घरात पेन्सिलीने बारीक ‘णे’ लिहून ठेवा. ‘राबणे’ नंतर सुचेल, पण त्या ‘णे’वरून जाणारा उभा शब्द कदाचित आत्ताच सुटेल. सूत्र स्त्रीलिंगी असेल तर उत्तर पुल्लिंगी नको. अनेकवचन मात्र फसवते. हत्ती, नयन, पक्षी यांचे अनेकवचन एकवचनासारखेच, त्यामुळे ‘डोळे (३)’चे उत्तर ‘नयन’च राहते.

म्हणींमध्ये आणखी एक सापळा आहे. ‘नाचता येईना ... वाकडे’ मध्ये ‘अंगण’ जसेच्या तसे बसते. पण ‘आडात नाही तर ... कोठून येणार’ यात मूळ शब्द ‘पोहरा’ बसत नाही. तिथे ‘पोहऱ्यात’ हवे, चार घरे: पो, ह, ऱ्या, त. म्हण मोठ्याने पूर्ण म्हणा आणि गाळलेला शब्द जसा तोंडातून येईल तसाच लिहा.

अडलात तर

प्रत्येक अडलेल्या कोपऱ्यात एखादा असा शब्द असतो जो तुम्ही खात्रीने लिहिला, पण ज्याच्या एकाही अक्षराला दुसऱ्या शब्दाने दुजोरा दिलेला नाही. तो शोधा आणि खोडा. खोडायला जीव होत नाही, तरी खोडा. पुष्कळदा तेवढ्याने कोपरा सुटतो.

त्यानंतरही सुटले नाही तर उठा, दुसरे काम करा, संध्याकाळी पुन्हा बसा. मग कोश उघडा. कोश बघणे म्हणजे लबाडी, असे अनेकांना वाटते, मला तसे वाटत नाही. आधी पेन्सिलीने स्वतःचा अंदाज लिहायचा आणि मग तो कोशात पडताळायचा, या क्रमाने गेलात तर शब्द कायमचा लक्षात राहतो. मोबाइलवर सूत्र टाकून उत्तर उतरवून घेतले तर काहीच राहत नाही.

घरात वा. गो. आपटे यांचा ‘शब्दरत्नाकर’ असला तरी रोजच्या कोड्याला पुरतो. मोठ्या कामाला य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. १८३१ मध्ये निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात.

ऱ्हस्व-दीर्घ जुळत नसेल तेव्हा

१ आडवा ‘सूर्य (२)’, उत्तर ‘रवी’. त्याच्या दुसऱ्या घरातून ‘विजय’ खाली उतरतो. मराठीत एकटा शब्द ‘रवी’ असा दीर्घ लिहायचा, ‘रविवार’सारख्या समासात मात्र ऱ्हस्व. म्हणजे त्या एका घरात आडव्यासाठी ‘वी’ हवी आणि उभ्यासाठी ‘वि’. हे चूक की बरोबर?

सोडवताना अडून राहू नका. अर्थ आणि इतर घरे जुळत असतील तर लिहा आणि पुढे जा, कारण बरेच कोडेकार एवढी सूट घेतात. कोड्याची चिकित्सा करताना मात्र दोन कसोट्या लावा.

पहिली, ‘ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरलेला नाही’ अशी सूचना कोड्याजवळ छापली आहे का? असेल तर तक्रारीला जागा नाही. नसेल तर ती उणीव आहे, पण लहान.

दुसरी, वेलांटी किंवा उकार बदलल्याने अर्थ बदलतो का? बदलत असेल तर कोणतीही सूट मान्य करू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा किंवा सारथी. ‘सारथी (२)’चे उत्तर ‘सुत’ छापले तर ती सरळ चूक आहे आणि ती कळवलीच पाहिजे. तसेच ‘पंढरपूर’, ‘सोलापूर’ यांतला ‘पू’ नियमाने दीर्घच. त्याच घरातून ‘पुराण’ किंवा ‘पुरावा’ खाली उतरवला असेल तर कोडेकाराने दोन नियमांची गाठ घातली आहे.

पुरावा देताना इथे अनेकांची गफलत होते. आजचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांवर उभे आहेत, त्यांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. मोल्सवर्थ, आपटे आणि दाते-कर्वे यांचे कोश त्याआधीचे आहेत. त्यांत ‘गांव’, ‘नांव’ असे जुने अनुस्वार भेटतील. म्हणून शब्दाच्या अर्थासाठी जुना कोश खुशाल दाखवा, पण लेखनाच्या वादात त्याचा आधार घेऊ नका. त्यासाठी मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांची शुद्धलेखनाची पुस्तके घ्या.

छापलेले उत्तर पटले नाही: ही चूक कोणत्या जातीची?

चिडून लगेच पत्र लिहू नका. मी एकदा लिहिले होते. ‘कमळ’ या सूत्राला ‘कुमुद’ हे उत्तर आले होते आणि कुमुद म्हणजे कमळ नव्हे, ते वेगळे फूल, असे मी कळवले. नंतर कोश उघडला तर त्यात ‘पांढरे कमळ’ असाच अर्थ होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने माझे म्हणणे बरोबर असेल, पण कोडे शब्दकोशावर चालते. तेव्हापासून मी आधी कोश उघडते आणि मग तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवते.

१. अर्थाची चूक. उत्तराचा तो अर्थ कोणत्याच कोशात नाही. ही सर्वांत गंभीर आणि सिद्ध करायला सर्वांत सोपी.

२. रूपाची चूक. सूत्र क्रियापदाचे आणि उत्तर नामाचे, किंवा लिंग बदललेले.

३. सामाईक घराची चूक. आडव्यासाठी एक अक्षर, उभ्यासाठी दुसरे.

४. छपाईची चूक. क्रमांक, घरांची संख्या, काळे घर चुकलेले. हा दोष कोडेकाराचा असेलच असे नाही, मांडणीतही होतो.

५. दोन उत्तरे सारखीच बसणे. ‘कमळ (३)’ आणि सामाईक घर फक्त शेवटचे, असे असेल तर तुमचे ‘नीरज’ आणि छापलेले ‘सरोज’ यांत बरोबर-चूक काही नाही. कोडेकाराने पहिले किंवा दुसरे घर सामाईक ठेवायला हवे होते. माझ्या मते रोजच्या कोड्यांत हा दोष सर्वांत जास्त असतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते, कारण वाचक स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतो.

६. सूत्रात सांगायला हवे ते न सांगणे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ‘कोथिंबीर (३)’चे उत्तर ‘सांबार’ असू शकते, पण मग सूत्रात ‘वऱ्हाडात’ किंवा ‘नागपूरकडे’ असे हवे. बोलीतले शब्द कोड्यात आलेच पाहिजेत. फक्त पत्ता द्यावा.

७. अपमान करणारे सूत्र. ‘स्त्री (३)’ आणि उत्तर ‘अबला’. कोशात तो अर्थ आहे, घरेही जुळतात, तरी मी याला हरकत घेते. ललना, वनिता, महिला हे तीन घरांचे शब्द उपलब्ध असताना बाईला दुर्बल म्हणणारा शब्द रोजच्या पानावर कशाला? जातींची नावे, अपंगत्व, वैधव्य यांवरची जुनी हिणकस सूत्रे आजही अधूनमधून येतात. तिथे कोश दाखवून कोणी गप्प करू पाहिले तरी गप्प बसू नका.

सूत्र अवघड असणे हा मात्र दोष नाही. इंग्रजी गूढ कोड्यांत झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ मध्ये कोडे रचण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले आणि सूत्राच्या प्रामाणिकपणाचा आग्रह धरला. मराठी कोड्यालाही तो लागू करता येतो. सूत्राने कितीही चकवले तरी उत्तर कळल्यावर ‘हो, सांगितले तर हेच होते’ असे वाटले पाहिजे.

बक्षिसाचे कोडे असेल तर तुमचे हक्क

बक्षीस आले की वरचा पाचवा दोष केवळ चवीचा राहत नाही, तो कायद्याचा होतो. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा अधिनियमात शब्दकोड्याचा उल्लेख नावानिशी आहे. महिन्यातील बक्षिसांची एकूण रक्कम १,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर अशी स्पर्धा घेता येत नाही. रक्कम त्या मर्यादेत असली तरी परवाना लागतो आणि प्रवेशिका २,००० पेक्षा जास्त चालत नाहीत.

मग मोठ्या बक्षिसांची कोडी कशी चालतात? ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात ठरवले की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांनाच लागू आहे. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तिला तो लागू नाही. त्याच दिवशी त्याच पक्षकाराच्या दुसऱ्या खटल्याच्या निकालात, बंगळूरहून निघून मुंबई राज्यात खपणाऱ्या एका साप्ताहिकातली बक्षिसाची शब्दकोडी न्यायालयाने जुगार ठरवली. आयोजकांनी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तुमचे उत्तर जुळले तरच बक्षीस, असा तो प्रकार होता. पंकज, नीरज, सरोज तिन्ही बसतात आणि त्यांतला एकच ‘अधिकृत’, असे कोडे दिसले तर फरक ओळखा. तिथे तुमचे ज्ञान तपासले जात नसते.

प्रवेशिका पाठवण्यापूर्वी एवढे पाहा:

- नियम, अंतिम तारीख आणि निकाल कधी लागणार हे छापलेले आहे का?
- प्रवेश शुल्क मागितले आहे का? मागितले असेल तर पावती घ्या, आणि सामाईक घरांनी निकाल लागत नसेल तर पैसे भरूच नका.
- भरलेल्या चौकटीचा फोटो पाठवण्यापूर्वी काढून ठेवा.

शब्दकोड्याच्या बक्षिसावर लॉटरीप्रमाणेच ३० टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर लागतो. त्याला करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेचा फायदा मिळत नाही. रक्कम १०,००० रुपयांच्या वर गेली की देणाराच कर कापून उरलेले देतो. म्हणून ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे, कराची रक्कम आधी आमच्याकडे भरा’ असा फोन किंवा संदेश आला तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा.

पत्र कसे लिहावे

बहुतेक दैनिकांत कोडे बाहेरचा कोडेकार रचतो आणि ते पुरवणीच्या पानावर लागते. संपादकांच्या टेबलावर ते कोडे नसते. ‘कालचे कोडे चुकले होते’ एवढ्याने त्यांना काहीच समजत नाही. संपादकांचे नाव आणि कार्यालयाचा पत्ता अंकात मुद्रक-प्रकाशकांच्या ओळीत, साधारण शेवटच्या पानाच्या तळाशी, असतो. तिथे असे लिहा:

> मा. संपादक,
> सप्रेम नमस्कार.
> आपल्या दैनिकाच्या (आवृत्तीचे नाव) आवृत्तीत (दिनांक) रोजी छापलेल्या शब्दकोडे क्रमांक (…) मध्ये ९ उभा याचे शोधसूत्र ‘सारथी (२)’ असे आहे. (दिनांक) रोजी त्याचे उत्तर ‘सुत’ असे दिले आहे. सारथी या अर्थाचा शब्द ‘सूत’ असा दीर्घ आहे. ‘सुत’ म्हणजे मुलगा. (कोशाचे नाव) मधील नोंदीचा फोटो सोबत जोडला आहे. पहिले घर ९ आडवा ‘सुगरण’ या शब्दाशी सामाईक असल्याने ही चूक रचनेतली दिसते.
> कृपया कोडेकारांना कळवावे आणि दुरुस्ती छापावी, ही विनंती.
> आपला/आपली,
> (नाव, गाव)

एका पत्रात एकच चूक सांगा. एका कोड्यात तीन चुका सापडल्या तरी सर्वांत पक्की निवडा, म्हणजे तिचे उत्तर देणे संपादकांना टाळता येणार नाही. कोडेकाराच्या विद्वत्तेबद्दल शेरा मारू नका. कात्रण पाठवू नका, फोटो पाठवा आणि मूळ स्वतःजवळ ठेवा. आठवड्याच्या आत लिहा, कारण त्यानंतर तो अंक कोणाच्याच हाताशी नसतो. आणि पत्र पाठवण्याआधी ते सामाईक घर आडव्याने एकदा आणि उभ्याने एकदा, मोठ्याने वाचून पाहा.